जुनी पत्रं वाचताना या चुका टाळा

जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती लागला की नजर सरळ मजकुराकडे धावते. बोटीवरचे दिवस, परक्या शहरातली पहिली नोकरी, तिथले संप, निवडणुका, महागाई हे सगळं खासगी पत्रात जितकं जिवंत सापडतं, तितकं सरकारी कागदात क्वचितच सापडतं. म्हणून घाई होते. पण पत्र कोणी, कोणाला, कोणाच्या नजरेखालून आणि कोणत्या वाटेनं पाठवलं हे न पाहता त्यातल्या वाक्यांवर भिस्त ठेवली, तर चुकीचा इतिहास लिहिला जातो.

तारखा जुळत नाहीत म्हणून पत्र खोटं ठरवणं

पॅरिसहून १२ जूनला निघालेलं पत्र लंडनला ५ जूनला पोचल्याची नोंद मिळाली, तर दोष पत्राचा नसेलही. फ्रान्सनं आजची ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली. ब्रिटननं ती १७५२ मध्ये स्वीकारली, तोवर तिथे जुनी ज्युलियन कालगणना चाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं, म्हणजे लंडनच्या हिशेबानं ते पत्र १ जूनलाच निघालं होतं. शिवाय तेव्हा इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे ‘१० फेब्रुवारी १७१५’ अशी तारीख आपल्या हिशेबानं बहुधा १७१६ ची असते. काही जण ‘१७१५/१६’ असं लिहीत, ते यासाठीच. रशियात तर कालगणना बदलताना ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी होता.

उपाय सोपा आहे. मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा आणि बदललेली तारीख शेजारच्या रकान्यात लिहा. क्रम लावताना नुसत्या तारखांवर विसंबू नका. समुद्रापारच्या टपालाला आठवडेच्या आठवडे लागत, दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून जात. ‘तुमचं अमुक तारखेचं पत्र पोचलं’ ही ओळ शोधा, साखळी तिथून जुळते. एकच पत्र दोनदा सापडलं तरी लगेच बनावट म्हणू नका. कैरोच्या गेनिझात, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळातल्या जुने कागद टाकायच्या कोठीत, सापडलेल्या अकराव्या-बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात हे दिसतं. जहाज बुडालं तरी निरोप पोचावा म्हणून ते एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत.

कागदाकडे न बघणं

ब्रिटनमध्ये १८४० च्या टपाल सुधारणेआधी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला पडे, आणि तो कागदांच्या संख्येवर व अंतरावर ठरे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्राचीच घडी घालून बाहेर पत्ता लिहायचा आणि लाख लावायची. जागा संपली की पान आडवं फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहायचा. असं पान पाहून ‘दुसऱ्या कोणीतरी नंतर भर घातली’ असा निष्कर्ष काढू नका. फोटो काढा, नव्वद अंशांत फिरवा आणि दोन्ही थर वेगळे वाचा. लाख फोडताना कागदाचा तुकडा निघून जाई आणि त्याबरोबर दोन-चार शब्दही. ते भोक अंदाजानं बुजवू नका, चौकटी कंसात ‘फाटलेलं’ असं लिहा.

मायन्यालाच मनातली गोष्ट समजणं

गेनिझातल्या पत्रांत दुआ आणि विरहाचे उमाळे ओळींमागून ओळी चालतात, मग मालाची बोलणी सुरू होतात. परदेशी गेलेल्या माणसांच्या पत्रांची सुरुवातही ठरलेलीच असते: ‘मी खुशाल आहे, तुम्हीही असाल.’ यावरून स्थलांतर सुखाचं होतं असं म्हणता येत नाही. त्याच माणसाची बरीच पत्रं एकापाठोपाठ वाचा. नेहमीची ओळ ज्या पत्रात गळते, तिथे थांबा.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याच्या छापील पोस्टकार्डावर तर स्वतःची वाक्यं लिहायला बंदीच होती. ‘मी अगदी ठीक आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’ अशा तयार ओळींतल्या नको त्या खोडायच्या, तारीख आणि सही करायची. जास्तीचं काही लिहिलं तर कार्ड नष्ट होई. अशा कार्डावरून सैनिकाची मनःस्थिती सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं आज वाचायला मिळतात ती मुख्यतः सेन्सॉरनं इंग्रजीत केलेल्या उताऱ्यांतून. त्यांतली बरीच दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली होती. आपलं पत्र वाचलं जातंय हे सैनिकांना ठाऊक होतं. म्हणून काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा आली. म्हणून अशा पत्रात मसाल्याचा उल्लेख आला, तर तो फक्त मसाल्याचाच आहे असं धरून चालू नका.

छापलेलं पत्र म्हणजे मूळ पत्र असं मानणं

तुर्कस्तानातल्या ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांची तिथली पत्रं १७६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यांनी ती आधी स्वतः नीट घडवून ठेवली होती. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत, पण पडताळणी हवी. देवीच्या फोडांतला द्रव निरोगी माणसाला टोचण्याच्या तिथल्या रीतीबद्दलचं त्यांचं १ एप्रिल १७१७ चं पत्र प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलाला १७१८ मध्ये तिथेच आणि मुलीला १७२१ मध्ये लंडनमध्ये टोचून घेतलं, ही त्या पत्राला भक्कम साक्ष. संवादाचे तपशील मात्र जपून वापरा.

अर्ध्या संवादावरून पूर्ण निकाल देणं

टॉमस आणि झ्नानियेत्स्की या अभ्यासकांनी पोलिश स्थलांतरितांवरच्या आपल्या ग्रंथासाठी (१९१८–२०) अमेरिकेतल्या पोलिश लोकांकडून पैसे देऊन पत्रं मिळवली. साहजिकच त्यांत मायदेशातून आलेली पत्रं अधिक होती आणि गेलेल्यांची उत्तरं कमी. कुठलाही संग्रह हाती घेताना हे आधी विचारा: ही बाजू कोणी जपली आणि दुसरी कुठे गेली? ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांनी लाजेनं लिहिणं सोडलं, ते गठ्ठ्यात नाहीत. जहाजांच्या प्रवासी याद्या, जनगणना, मनीऑर्डरच्या पावत्या यांत त्यांचा माग लागू शकतो.

हाताळणीचं थोडक्यात: पाकीट पत्रापासून वेगळं करू नका, गठ्ठा सोडण्याआधी मूळ क्रम टिपा, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. कोऱ्या बाजूचाही फोटो घ्या, टपालाचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.