मेंदूवरील औषधांच्या संशोधकाचे कार्य कसे अभ्यासावे

बडोद्यात औषधशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना कधी ना कधी एखाद्या संशोधकाच्या कारकिर्दीवर निबंध लिहावा लागतो, आणि तो बहुधा जन्मसाल, पदे व पुरस्कार यांची यादी होऊन राहतो. संशोधकाचा प्रभाव मात्र त्याच्या कामामुळे इतरांनी पुढे काय वेगळे केले, यावरूनच कळतो. तो कसा शोधावा, हे स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन (१९२३–२०१८) यांच्या उदाहरणावरून पाहू.

सुरुवात पुरस्कारापासून न करता एका मूळ शोधनिबंधापासून करावी. कार्लसन यांच्या बाबतीत तो १९५७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेला, जेमतेम एका पानाचा निबंध होय. रेसर्पिन हे मन शांत करणारे व रक्तदाब उतरवणारे औषध दिलेले ससे कान पाडून निश्चल बसत. त्यांना डोपा टोचल्यावर ते थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागत. सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक द्रव्य ज्यापासून बनते, त्या पूर्वद्रव्याने असे होत नव्हते. डोपापासून शरीरात नॉरॲड्रेनलिन हे दुसरे संदेशवाहक द्रव्य बनते, म्हणून श्रेय त्यालाच द्यावे असे कोणालाही वाटले असते. परंतु मेंदूतील त्याची पातळी पूर्ववत झालेलीच नव्हती. मग दोहोंच्या मधले द्रव्य, म्हणजे डोपामिन, मेंदूत स्वतंत्रपणे काम करत असावे, हा विचार पुढे आला आणि १९५८ मध्ये कार्लसन यांच्या गटाने ते मेंदूत मोजून दाखवले. निबंध लिहिणाऱ्याने हा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर मागे वळावे: कल्पना, साधन आणि औषध कोठून आले? कार्लसन १९५५-५६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत होते. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, हे ब्रॉडी यांच्या गटाने तेव्हा नुकतेच दाखवले होते, आणि अत्यल्प द्रव्य मोजणारे नवे प्रकाशमापक यंत्रही तेथेच वापरात होते. रेसर्पिन स्वतः आले आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीतून. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात छापली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. शिवाय १९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांवरील देशी औषधांविषयीचा आपला निबंध बडोद्यातच, गुजरात-सौराष्ट्र वैद्यकीय परिषदेत वाचला होता. आपल्या शहरात बसून स्वीडिश संशोधकावर लिहिताना हा धागा सोडणे मला अक्षम्य वाटते.

आता पुढे जावे. इतरांनी निबंध किती वेळा उद्धृत केले ती संख्या, किंवा तिच्यावरून काढलेला एच-निर्देशांक, केवळ उतरवून घेऊ नये. पद्धतीवरचे निबंध सरावाने उद्धृत होतात आणि जुन्या मूलभूत शोधांचा उल्लेख कालांतराने कोणी करेनासे होते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर निबंध शोधून उद्धृत करणारा नेमके काय म्हणतो, ते वाचावे. व्हिएन्नात एहरिंगर व हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनच्या, म्हणजे कंप व मंद हालचालींच्या आजाराच्या, रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेले दाखवले. १९६१ मध्ये बिर्कमायर व हॉर्निकिविच यांनी रुग्णांना एल-डोपा (डोपाचे शरीरात उपयोगी पडणारे रूप) टोचल्याचे परिणाम छापले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रा देऊन उपचार व्यवहारात आणला. प्रयोगशाळेतल्या सशांपासून रुग्णापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच प्रभाव.

विरोधही नोंदवावा. १९६० च्या लंडन परिषदेत नामांकित औषधशास्त्रज्ञांनी कार्लसन यांच्या डोपामिनविषयीच्या मताबद्दल उघड शंका घेतली होती. श्रेयाचा प्रश्नही टाळू नये: २००० सालचे नोबेल कार्लसन यांना पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्यासह मिळाले, हॉर्निकिविच यांना मिळाले नाही, आणि दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याविषयी खुले पत्र लिहिले.

शेवटी अपयशही लिहावे. कार्लसन यांच्या सहभागाने घडलेले झिमेलिडीन हे नैराश्यावरील औषध मज्जातंतूंच्या गंभीर दुष्परिणामामुळे १९८३ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. सेरोटोनिनचे पुनर्शोषण (मज्जापेशींनी ते परत शोषून घेणे) निवडकपणे रोखण्याचे त्यामागील तत्त्व मात्र पुढच्या अनेक औषधांत टिकले, म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात द्याव्यात.