भ्यालेला उंदीर ओळखायचा कसा

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत नवीन मुलं आली की मी पहिलं हेच सांगते: प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

प्रयोग असा: एका उंदराला भांडखोर उंदराकडून रोज हरवून ताण द्यायचा आणि मग तो किती भ्यालाय ते मोजायचं. त्यासाठी आधी भांडखोर निवडा. सीडी-१ जातीचा मोठा नर, तीन दिवस तपासून घेतलेला. त्याच्या पिंजऱ्यात सी५७ जातीचा काळा नर, म्हणजे ज्याला ताण द्यायचा तो, रोज ५ ते १० मिनिटं ठेवायचा. नंतर मध्ये छिद्रांची पारदर्शक फळी. मार थांबतो, पण समोरच्याचा वास आणि नजर दिवसभर सुटत नाही. मला वाटतं, खरा ताण तिथंच आहे. असे १० दिवस, रोज नवा भांडखोर. जखम मोठी दिसली की तो उंदीर लगेच प्रयोगातून काढा. एका आकड्यासाठी जीव तळमळत ठेवू नका, बाबांनो.

११व्या दिवशी सामाजिक चाचणी, म्हणजे तो अनोळखी उंदराजवळ जातो की त्याला टाळतो ते बघायचं. मग एलिव्हेटेड प्लस मेझ, म्हणजे अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा उंच मांडलेला मार्ग: जमिनीपासून अर्धा मीटर उंच, दोन भुजा उघड्या, दोन भिंतींच्या. ५ मिनिटं चित्रीकरण करा. उघड्या भुजांवर वेळ कमी, म्हणजे चिंतासदृश वागणूक. सामाजिक चाचणीत तगलेले, म्हणजे अनोळख्याला न टाळणारे उंदीरही इथं बिचकतात, म्हणून दोन्ही चाचण्यांचे निकाल एकात मिसळू नका.

ताण न दिलेले उंदीरही त्याच खोलीत, त्याच वेळी तपासा. मे महिन्यात आमची वीज गेली, खोली तापली आणि तेही कोपऱ्यात दबून बसले. तो अख्खा दिवस मी वहीतून खोडला.