किलीमांजारो करायचाय? मग एक दिवस जास्तीचा घ्या

पुण्या-मुंबईच्या ट्रेकर लोकांत आता किलीमांजारोची बरीच चर्चा असते, आणि ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो बुटांचा नाहीतर जॅकेटचा. माझं म्हणणं, तो प्रश्न शेवटी. सगळ्यात आधी डोंगरावर किती रात्री राहणार ते ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. टांझानियातला हा डोंगर ५,८९५ मीटर उंच, आफ्रिकेतला सर्वात उंच, आणि नेहमीच्या वाटांनी गेलं तर ना दोर लागतो ना आइस अ‍ॅक्स, चालत माथ्यावर जाता येतं. म्हणूनच लोकांना वाटतं की आपण रोज पळतो, हाफ मॅरेथॉन केलीये, होऊन जाईल. पण माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो, आणि त्याची सवय व्हायला शरीराला वेळच लागतो, तुम्ही कितीही फिट असा. फिट माणसांना तर जास्त सांगावं लागतं, कारण ती पहिले दोन दिवस जोरात चालतात.

डॉक्टर लोक सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजच्या झोपायच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. आता हा हिशोब किलीमांजारोला लावून बघा. मचामे रूटचा पहिला मुक्काम साधारण तीन हजारांवर, दुसरा शिरा केव्ह कॅम्प ३,८०० च्या आसपास, म्हणजे नियम दुसऱ्याच रात्री मोडला. तिसऱ्या दिवशी मात्र छान गोष्ट होते, लाव्हा टॉवरपर्यंत ४,६०० मीटर चढायचं, तिथे जेवायचं आणि झोपायला परत बॅरांको कॅम्पला ३,९५० च्या आसपास उतरायचं. उंच चढून खाली झोपणं हीच तर सवय लावायची खरी पद्धत. पुढे सहा दिवसांच्या प्लॅनमध्ये बॅरांकोवरून थेट बराफू, म्हणजे माथ्याआधीचा शेवटचा कॅम्प, साधारण ४,६५० मीटर, आणि त्याच रात्री बाराला समिटसाठी, म्हणजे माथ्यासाठी निघायचं! सात दिवसांच्या प्लॅनमध्ये मध्ये करांगाला एक मुक्काम मिळतो आणि बराफूला दुपारीच पोचून अंग टाकता येतं. तो एक दिवस वाचवू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. लेमोशो रूटने आठ दिवसांत गेलात तर आणखी चांगलं, पश्चिमेकडून शिरा पठार ओलांडत हळूहळू उंची मिळते आणि सुरुवातीला गर्दीही कमी असते.

मारांगू रूटला तंबू नाहीत, मंदारा, होरोंबो आणि किबो अशा झोपड्यांमध्ये मुक्काम असतो, त्यामुळे तो सोपा म्हणून खपवला जातो. पाच दिवसांचा मारांगू स्वस्त पडतो पण मला तो अजिबात पटत नाही. घ्यायचाच असेल तर सहा दिवसांचा घ्या, होरोंबोला एक रात्र जास्तीची. या माथ्यावर सगळ्यात आधी पोचलेला जर्मन हान्स मायरसुद्धा १८८७ साली अर्ध्यातून परत फिरला होता, आणि १८८९ मध्ये लुडविग पुर्टशेलरबरोबर माथ्यावर पोचला तेव्हा त्याने वाटेत वेगवेगळ्या उंचीवर तळ ठेवले होते, तिथे खाणंपिणं पोचवायची सोय केली होती, म्हणजे एक प्रयत्न फसला तरी पार खाली उतरायला नको. तेव्हापासून या डोंगराचं गणित तेच आहे, वर राहायला वेळ असला पाहिजे.

आता कंपनी. इथे गाइडशिवाय जाताच येत नाही, १९९१ पासून सक्तीचं आहे. किलीमांजारो नॅशनल पार्कची रोजची फी आणि कॅम्पिंगची फी मिळूनच माणशी दिवसाला शंभर डॉलरच्या वर जाते, ती सगळ्या कंपन्यांना सारखीच, त्यामुळे एखादं पॅकेज फारच स्वस्त दिसलं तर पैसे कुठून वाचवले असतील याचा विचार करा. एक तर दिवस कापलेत, नाहीतर पोर्टरची मजुरी आणि जेवण. किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, त्या यादीतलीच कंपनी निवडा. पोर्टरच्या पाठीवर वीस किलोची मर्यादा आहे आणि गेटवर वजन होतं, त्यातलं तुमचं सामान पंधरा किलोपर्यंत. कंपनीला सरळ विचारा, पोर्टरना दिवसातून तीन वेळा जेवण देता का, तंबू कसला देता, गाइड रोज ऑक्सिमीटरने तपासतो का, बरोबर ऑक्सिजन सिलेंडर असतो का, एखाद्याला खाली न्यावं लागलं तर बाकीच्यांबरोबर कोण थांबतं. उत्तरं टाळली की पुढची कंपनी बघा.

जायचं कधी तर जानेवारी ते मार्चची सुरुवात किंवा जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मे म्हणजे तिथला मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा.

तयारीसाठी सह्याद्री आहेच. पण एक लक्षात घ्या, कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आणि मचामे गेट, जिथून चालायला सुरुवात होते, तेच साधारण १,८०० मीटरवर आहे. म्हणजे सह्याद्री तुम्हाला उंचीची सवय देणार नाही, पाय आणि दम देईल, आणि तेवढं पुरे आहे. दर आठवड्याला सिंहगड पाठीवर सहा-सात किलो घेऊन, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवसांचे ट्रेक, राजगड-तोरणा सारखे, कारण दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालायची सवय महत्त्वाची. उतरायचा सराव मुद्दाम करा, लोक चढायचाच करतात. आधी एखादा हिमालयातला ट्रेक झाला असेल तर उंचीवर आपलं शरीर कसं वागतं याचा अंदाज येतो. बूट इथेच वापरून मऊ करा, नवे कोरे बूट घेऊन जाऊ नका.

कागदपत्रांत ई-व्हिसा आहे, तो ऑनलाइन होतो. यलो फीव्हरची लस मात्र लोक शेवटपर्यंत विसरतात, नैरोबी किंवा अदिस अबाबावरून विमान असेल तर तिचं कार्ड मागितलं जाऊ शकतं, ही लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. इन्शुरन्स घेताना सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग त्यात आहे का ते वाचूनच घ्या, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक नसतं.

सामानाबद्दल थोडक्यात. डाउन जॅकेट, उबदार स्लीपिंग बॅग, काठ्या हे सगळं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या टांझानियातल्या मोशी गावात भाड्याने मिळतं, इथून हजारो रुपये घालून आणायची गरज नाही. आपलं स्वतःचं हवं ते बूट, थर्मल, मोजे, हेडटॉर्च, गॉगल आणि चांगला रेनकोट, पहिला दिवस दाट जंगलातून जातो आणि तिथे पाऊस कधीही येतो. कपडे आपल्या सवयीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका, टांझानियात २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, कापडी पिशव्या घ्या. पाण्यासाठी पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, सूप, भात, भाज्या, लापशी असं भरपूर देतात, पण चार हजारांच्या वर भूक मरते आणि तेव्हा घरची चव कामाला येते, म्हणून शेंगदाण्याची चिक्की, चिवडा, लोणच्याची छोटी बाटली आणि ओआरएसची पाकिटं जरूर ठेवा. बायकांसाठी सांगते, उंचीवर पाळी कधीही येऊ शकते, तारीख नसली तरी सामान बरोबर असू द्या, आणि वापरलेलं खाली घेऊन यायला वेगळी पिशवी.

डोंगरावर रोजचं काम एवढंच, हळू चाला, तीन-चार लिटर पाणी प्या आणि खा. गाइड दिवसभर पोले पोले, म्हणजे हळू हळू, म्हणत राहतात, त्यांचं ऐका, बोलता बोलता चालता आलं पाहिजे इतकाच वेग. बॅरांको वॉलचे फोटो बघून घाबरायला होतं, पण तो साधारण अडीचशे मीटरचा कातळटप्पा आहे, हात टेकत टेकत चढायचा, ज्यांनी सह्याद्रीत असे टप्पे केलेत त्यांना मजाच येईल. करांगानंतर पाणी मिळत नाही, बराफूला आपण जो चहा पितो त्याचं पाणी पोर्टरनी खालून पाठीवर आणलेलं असतं, तेव्हा तिथे हात-तोंड धुवायला गरम पाणी मागताना एवढं डोक्यात असू द्या.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही उंची लागल्याची सुरुवात, आणि ती गाइडपासून लपवायची नाही, हे मी तीनदा लिहिलं तरी कमीच. लोक लपवतात, कारण भीती असते की परत पाठवतील. साध्या डोकेदुखीला कोणी परत पाठवत नाही, थांबवतात, पाणी पाजतात, लक्ष ठेवतात. पण बसल्या जागी धाप, सतत खोकला, किंवा चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं हे दिसलं तर रात्र असो वा पाऊस, लगेच खाली उतरायचं, त्याला दुसरा उपाय नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरशी आधीच बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर खास करून सांगा, आणि त्यांनी दिलीच तर घरी एकदा घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, ते तिथे पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो.

समिटच्या रात्री साधारण बाराला निघतात, कारण थंडीने घसारा, म्हणजे वाटेवरची सुटी खडी-माती, गोठून घट्ट असतो, पाय कमी घसरतो, आणि परत उतरायला पूर्ण दिवस हाताशी राहतो. उणे दहा ते उणे वीसपर्यंत थंडी. पाण्याच्या बॅगेची नळी गोठते म्हणून बाटल्या घ्या, त्या उलट्या ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो म्हणजे झाकण मोकळं राहतं. मोबाइल आणि बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. निघतानाच सगळे कपडे चढवू नका, घाम आला की तोच पुढे गारठवतो. सगळ्यात जड तास पहाटे तीन ते पाच, तेव्हा माथ्याचा विचार करू नका, पुढच्याच्या बुटांकडे बघून पाऊल टाका आणि तासाभराने काहीतरी तोंडात टाका. ५,७५६ मीटरवर स्टेला पॉइंट आला की खडा चढ संपतो, तिथून उहुरू पीक, म्हणजे खरा माथा, जवळपास तासाभराचं, तुलनेने सपाट, डावीकडे हिमनद्या दिसायला लागतात. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटं खूप झाली.

आणि मग उतरायचं, एकाच दिवसात ५,८९५ वरून म्वेका कॅम्पला ३,१०० पर्यंत, म्हणजे जवळपास २,८०० मीटर. गुडघ्यांचा खरा कस इथे लागतो. काठ्या लांब करा, बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधा नाहीतर अंगठ्याची नखं काळी होतात, नखं आधीच कापलेली असू द्या. ऊन्ह वर आल्यावर घसारा सुटा झालेला असतो, टाच रोवत उतरा.

शेवटच्या दिवशी म्वेका गेटवर सर्टिफिकेट मिळतं आणि टिप द्यायची असते. ती बजेटमध्ये आधीच धरा, ट्रेकच्या खर्चाच्या साधारण दहा टक्के धरून चालतात, डॉलरच्या नव्या, न फाटलेल्या नोटा, सुट्ट्या. शक्यतो सगळ्या टीमसमोर, कोणाला किती ते बोलून द्या, म्हणजे शेवटच्या पोर्टरपर्यंत पोचते. हातमोजे, जॅकेट असं काही नको असेल तर तेही देऊन टाका, त्यांना उपयोगी पडतं. आणि परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका, मोशीत एक दिवस मोकळा ठेवा, वर पावसाने किंवा तब्येतीने एखादा दिवस लांबला तरी धावपळ होत नाही.