पद्मिनीचे इंजिन ताळ्यावर आणताना: आधी पॉइंट, मग टायमिंग, कार्बोरेटर सर्वांत शेवटी

प्रीमियर पद्मिनी अजून ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्या तक्रारी बहुधा तीनच असतात: इंजिन तापते, चढावर मिसिंग करते (ठिणगी चुकून अडखळते) आणि उन्हात मध्येच बंद पडते. या तिन्हींवर सर्रास दिले जाणारे सल्लेही ठरलेले आहेत. रेडिएटर बदला, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोला, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके टाका. गेली अनेक वर्षे मी ही गाडी स्वतःच्या हाताने राखत आलो आहे आणि माझा अनुभव असा आहे, की या तीन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणाऱ्या भागाच्या) टोपणाखाली सापडते.

इंजिन मुळात अतिशय सरळ आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइटसाठी आणि पुढे 1974 पासून पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या गाडीसाठी तेच बनत राहिले. एका ओळीत चार सिलिंडर, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75 मिलिमीटर, क्षमता 1089 घन सेंटिमीटर आणि ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पुशरॉड व रॉकर. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. हे इंजिन जोरात पळवण्यासाठी नाही, पण त्याला जे हवे ते वेळेवर दिले तर ते दिवसभर न थकता चालते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ऑक्टोबर 2023 पर्यंत हे रोज सिद्ध केले.

काम नेहमी थंड इंजिनावर सुरू करावे. ऑइल, पाणी, फॅनबेल्टचा ताण आणि बॅटरीची टोके पाहून घ्यावीत, टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) गाडीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावावेत, चारही प्लग काढून पुसावेत. यात सांगण्यासारखे काही नाही. फक्त कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला या टप्प्यावर हात लावू नये.

पॉइंट

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः दोन वर्षे चुकत राहिलो, तो नीट सांगतो. डिस्ट्रिब्युटरचे टोपण आणि रोटर काढला की आत चार कोनांचा फिरणारा कॅम आणि शेजारी पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारी धातूची दोन टोके, दिसतात. त्याच्या कोनावर पॉइंटची फायबरची टाच चढते तेव्हा पॉइंट उघडतात आणि त्याच क्षणी कॉइलमधून (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या गुंडाळीतून) ठिणगी निघते. टाच कोनाच्या बरोबर माथ्यावर असताना दोन टोकांमधले अंतर 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असावे लागते. आपल्या गाडीवरच्या डिस्ट्रिब्युटरचे नेमके माप पुस्तिकेत पाहावे. हे वाचून कोणीही म्हणेल, की यात अवघड ते काय. फिलरची, म्हणजे अंतर मोजण्याची, पाती घालायची आणि स्क्रू आवळायचा.

अवघड ते असे. पॉइंट काही हजार किलोमीटर चालले, की एका टोकावरचा धातू दुसऱ्या टोकावर जाऊन बसतो. एका बाजूला बारीक खड्डा पडतो आणि समोरच्या बाजूला त्याच आकाराचे टेंगूळ येते. फिलरची पाती सपाट असते, ती त्या टेंगळाच्या माथ्यावर टेकते आणि खड्ड्यात उतरतच नाही. पाती 0.45 मिलिमीटर दाखवते, पण खरे अंतर त्याहून बरेच जास्त असते. पॉइंट जास्त वेळ उघडे राहिले की कॉइल भरायला वेळ कमी मिळतो आणि इंजिन वेगात फिरू लागले की ठिणगी अशक्त होते. माझी गाडी पुण्यातल्या सपाट रस्त्यावर सुरेख चालायची आणि खंबाटकी घाटाच्या अर्ध्यावर मिसिंग करायची. ज्या गॅरेजमध्ये मी जात असे, तिथे दोनदा कार्बोरेटर उघडला गेला, जेट बदलले गेले, एकदा तर इंजिन बांधायलाच झाले आहे असे मला सांगण्यात आले. अखेर एका म्हाताऱ्या टॅक्सी मिस्त्रींनी पॉइंट बाहेर काढून उजेडात धरले आणि मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे ते टेंगूळ मला नखाने चाचपायला लावले. त्या दिवसापासून मी जुन्या पॉइंटमध्ये फिलर घालणे कायमचे सोडले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की खड्डा पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवू नयेत. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरते घासणे ठीक आहे, पण तो इलाज नव्हे. नवे पॉइंट बसवताना दोन्ही टोके एकमेकांवर पूर्ण आणि सपाट बसतात की नाही हे पाहावे, टोके पेट्रोलच्या फडक्याने पुसावीत, कारण नव्या पॉइंटवर तेलाचा पातळ थर असू शकतो, आणि कॅमला बोटाने ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. ग्रीस जास्त झाले तर ते उडून टोकांवर बसते आणि गाडी त्याच दिवशी बंद पडते. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून सपाट जागेवर हळूहळू पुढे ढकलली, की टाच कोनाच्या माथ्यावर आणता येते. प्लग काढलेले असल्याने जोर लागत नाही. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना अंतर बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे आणि मग पुढच्या कोनावरही मोजून पाहावे. दोन कोनांवरची मापे फारच वेगळी आली तर डिस्ट्रिब्युटरची बुशे झिजलेली आहेत असे समजावे आणि आधी ती बदलून घ्यावीत, अन्यथा पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

टायमिंग

गॅप (पॉइंटमधले अंतर) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानून काम करणारे अनेक आहेत आणि तिथेच इंजिन तापण्याचे बीज आहे. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जाते; टाच झिजून गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. टायमिंग मागे पडलेल्या इंजिनात ज्वलन उशिरा होते, पिकअप जातो आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती हेड, एक्झॉस्ट आणि पाण्यात उतरते. मालक रेडिएटर बदलतो आणि काटा पुन्हा वर चढतो. तेव्हा गॅप लावल्यानंतरच टायमिंग लावावे, आणि गॅपला हात लागला असेल तर टायमिंग तपासल्याखेरीज टोपण बसवू नये.

त्यासाठी 12 व्होल्टचा एक साधा बल्ब आणि दोन वायर पुरतात. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून गाडी पुढे ढकलावी. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की तो सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे. आता पुलीवरची खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशांवर आणावी. खूण पुढे निघून गेली तर नुसती मागे आणून थांबू नये. हातभर मागे जाऊन पुन्हा पुढच्याच दिशेने खुणेवर यावे, म्हणजे टायमिंग चेन आणि गिअरमधली ढिलाई निघून जाते. ही एवढी काळजी न घेतल्याने दोन-तीन अंशांची चूक सहज होते. बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरच्या टोकावर, दुसरी बॉडीवर लावावी आणि किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून तो आधी रोटर फिरतो त्या दिशेने थोडा वळवावा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणावा आणि बल्ब पेटला त्या क्षणी थांबून नट आवळावा. किल्ली लगेच बंद करावी, नाहीतर कॉइल तापते. टायमिंग कानाने लावता येते हा दावा मी अनेकांकडून ऐकला आहे आणि त्यातल्या एकाचेही टायमिंग बल्बवर बरोबर निघालेले मी पाहिलेले नाही.

उन्हात बंद पडणे

या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो हे खरे आहे, आणि ओल्या फडक्याने तो सुटतो हेही खरे आहे. पण तापल्यावर निकामी होणारा कंडेन्सरसुद्धा (पॉइंटला जोडलेला, त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) हुबेहूब हेच करतो: गाडी थांबते, वीस मिनिटांनी थंड होते आणि सुरू होते, आणि श्रेय फडक्याला मिळते. फरक फक्त बंद पडलेल्या त्या क्षणी कळतो. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून, रबरी मुठीच्या पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावी आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची आधी खात्री करावी. ठिणगी जाड, निळसर आणि चटचट आवाज करणारी असेल तर दोष पेट्रोलचा आहे. ती पिवळट आणि बारीक असेल, किंवा पडतच नसेल, तर कंडेन्सर बदलून पाहावा आणि तरीही फरक पडला नाही तर कॉइल. मी एक जादा कंडेन्सर नेहमी गाडीत ठेवतो.

आता पेट्रोल पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पंपाचा पडदा त्याने फुगतात आणि तडकतात. त्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या घेऊन सरसकट बदलाव्यात. गरम एक्झॉस्टशेजारी गळणारी नळी हा आगीचा धोका आहे आणि यात काटकसर करू नये.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पट्टी) गेले आहे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड तापून वाकलेले असू शकते, म्हणून ते सपाट करून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट घालू नये आणि नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

एवढे झाल्यावर इंजिन पुरते गरम करून कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू आणि स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) लावावा. पाच मिनिटांचे काम आहे. नंतर एखादा लांब चढ चढून गाडी लगेच बंद करावी आणि थंड झाल्यावर प्लग पाहावेत. फिकट तपकिरी रंग योग्य, काजळी आली तर पेट्रोल जास्त आणि पांढरेफटक दिसले तर कमी. इथेनॉलमुळे मिश्रण मुळातच पातळ होते, त्यामुळे पांढऱ्या प्लगकडे आता पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावे. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते, म्हणून 500 किलोमीटर झाले की टोपण पुन्हा उघडून गॅप मोजावी आणि त्यामागोमाग बल्ब लावून टायमिंगही पाहावे.