सीमेक लागतं, पण किती नवं? डेबियन पॅकेजमध्ये बिल्डची आवृत्ती कशी लिहावी

मालवण बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला, डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी त्याचं पॅकेज केलं आणि सोर्स (मूळ कोड) वेंगुर्ल्याच्या मित्राला पाठवला. तासाभरात फोन. "मेल्या, ह्या हयसर बिल्डच होणा नाय!" बिल्ड म्हणजे सोर्सपासून चालता प्रोग्राम बांधणं. माझ्याकडे डेबियन १२, त्याच्याकडे ११. चूक माझीच. बिल्डसाठी सीमेक हे साधन लागतं एवढंच मी लिहिलं होतं. किती नवं, ते नाही.

ते लिहायचं डेबियन फोल्डरातल्या कंट्रोल फाइलीत, बिल्ड-डिपेंड्स या ओळीत. (इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत मात्र सगळं रोमनमध्येच टाका.)

आधी आकडा शोधा. आपल्या मशीनवर जी आवृत्ती आहे तीच ठोकून द्यायचा मोह होतो. माझ्याकडे ३.२५.१ होतं. ते लिहिलं असतं तर उबंटू २२.०४ वापरणारे विनाकारण बाहेर राहिले असते, कारण तिथे ३.२२ आहे. बघायचं ते एवढंच, की आपण वापरलेली सोय कधी आली. मी प्रीसेट (बिल्डच्या सेटिंग्ज फाइलीत साठवून ठेवायची सोय) वापरले होते आणि ते सीमेकमध्ये ३.१९ पासून आहेत. डेबियन ११ मध्ये ३.१८! थोडक्यात हुकलं. मग ओळ अशी झाली:

बिल्ड-डिपेंड्स: डेबहेल्पर-कॉम्पॅट (= १३), सीमेक (>= ३.१९)

डेबहेल्पर म्हणजे पॅकेज बांधायला मदत करणारी साधनं. त्यापुढचं = चालतं, कारण तिथला १३ म्हणजे सुसंगततेची पातळी. इतरत्र = टाळा; सुरक्षा-अपडेट आलं की बिल्ड अडलंच. >= म्हणजे तेवढंच किंवा नवं, >> म्हणजे काटेकोरपणे नवं, << म्हणजे काटेकोरपणे जुनं. एकेरी < आणि > वापरूच नका, जुन्या काळी त्यांत 'किंवा तेवढंच' हेही धरलं जायचं. वरची मर्यादा घालायची ती नव्या आवृत्तीत काहीतरी मोडतं हे स्वतः पाहिलं असेल तरच. सी कंपायलर आणि मेक लिहायची गरज नाही, ते बिल्ड-इसेन्शियल या गृहीतच धरलेल्या पॅकेजमध्ये आलेच.

आवृत्ती वाचताना दशांश विसरा. तराजूवर ३.९ किलो सुरमई ३.१९ किलोपेक्षा जास्त भरेल, इथे ३.९ जुनं, ३.१९ नवं. शंका आली तर डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज-साधनाला कम्पेअर-व्हर्जन्स हा पर्याय देऊन विचारा.

सगळ्यात जास्त फसवते ती ~ ही खूण. ती कशाच्याही आधी येते, अगदी रिकाम्या जागेच्याही. म्हणून १.०~आरसी१ (प्रकाशनाआधीची चाचणी आवृत्ती) हे १.० पेक्षा जुनं ठरतं. बॅकपोर्टच्या, म्हणजे जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजच्या, आवृत्तीला ~बीपीओ११+१ अशी शेपटी असते. तुम्ही >= ३.२५.१-१ लिहिलंत, तर ३.२५.१-१~बीपीओ११+१ त्यात बसत नाही, आतला माल तोच असूनही! म्हणून डॅश आणि त्यापुढचा आकडा गाळा, किंवा लागतच असेल तर शेवटी ~ जोडा: >= ३.२५.१-१~.

मग एसबिल्ड या साधनाने कोऱ्या वातावरणात बांधून बघा. आपल्या मशीनवर वर्षभरात काय काय टाकलेलं असतं ते आपल्यालाही आठवत नाही. त्या वातावरणासाठी आधी बरंच डाउनलोड होतं, तेव्हा आभाळ भरून आलं असेल आणि नेटचा भरवसा नसेल तर ते उघाडीवर ढकला.

सुधारलेला सोर्स मित्राला पाठवला. त्याच्याकडे बिल्ड यावेळीही झालं नाही, पण सुरू होण्याआधीच थांबलं: सीमेक (>= ३.१९) नाही म्हणून. "काय व्हया ता सांगता तरी," तो म्हणाला, आणि बॅकपोर्ट शोधायला लागला.