यकृताच्या ऑपरेशननंतरचा ड्रेन कसा सांभाळायचा

ड्रेन म्हणजे पोटात साचणारा द्रव बाहेर ओढणारी नळी; तिच्या बाहेरच्या टोकाला दाबता येणारा फुगा असतो. हा फुगा अर्धा भरला की रिकामा करा. पूर्ण भरू दिला तर ओढ संपते आणि द्रव पोटातच साचतो. साबणाने हात धुवा, बूच उघडा, द्रव मापाच्या कपात ओता. मग फुगा मुठीत घट्ट दाबा आणि दाबलेला असतानाच बूच लावा. आधी सोडलात तर आत हवा भरते. वेळ, मिलिलिटर आणि रंग वहीत लिहा.

रंग उजेडात नीट बघा. सुरुवातीला लालसर, पुढे फिकट पिवळा, हे ठीक. हिरवट किंवा गडद पिवळा-तपकिरी झाला तर पित्त गळत असू शकतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ड्रेनमधलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) रक्तातल्याच्या ३ पट किंवा जास्त निघालं तर त्याला पित्तगळती म्हणतात (ही व्याख्या २०११ची). गळती नसेल तर नळी लवकर निघालेलीच बरी, रेंगाळली की तिच्यावाटे जंतू आत शिरतात.

ताजं लाल रक्त, थंडी-ताप, किंवा द्रव एकाएकी थांबून पोट दुखणं: तासभरही न थांबता डॉक्टरांना कळवा. द्रव थांबला तर नळीत गुठळी अडकलेली असू शकते. नळी स्वतः ओढू नका, आत पाणी सोडू नका.