घरगुती सहभागिता: आठ-दहा जणांचा गट कसा चालवावा

चर्चमधली रविवारची उपासना संपली की दारात हस्तांदोलन होतं, ‘बरंय ना?’ विचारून होतं आणि माणसं घरी जातात. एकाच बाकावर बसणाऱ्याची नोकरी गेली तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. भरलेल्या चर्चमध्ये कोणी मन उघडं करत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी घरातली सतरंजीच लागते. अशा घरी जमणाऱ्या छोट्या गटालाच घरगुती सहभागिता म्हणतात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २:४६ मध्येही मंदिरात जमण्यासोबत घरोघरी भाकर मोडणं, म्हणजे एकत्र जेवणं, आहेच.

सुरुवात पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगूनच करा, नाहीतर चार घरांची बैठक फूट पाडायला निघाली असं मंडळीत लोक बोलू लागतात. सहा ते दहा जण पुरेत. बाराच्या पुढे संख्या गेली की तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. सगळे एकाच भावकीतले नकोत. एखादी एकटी राहणारी बाई, नुकताच बदलून आलेला कोणी यांना मुद्दाम बोलवा. बैठक दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. पंधरवड्याने ठेवली आणि एक चुकली, तर महिनाभर गाठ पडत नाही.

खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी करा: चहा आणि एक साधा पदार्थ. एका घरी बिर्याणी झाली की पुढच्या घरावर ओझं येतं आणि ज्याला परवडत नाही तो कारण न सांगता येणं बंद करतो.

बैठक दीड तासाची असावी. पेटी-टाळावर दोन गीतं, मग बायबलमधला शास्त्रभाग, दहा-पंधरा वचनांचा. मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) क्रमाने घेतलं तर नव्यालाही जमतं. तीन प्रश्न पुरतात: इथे काय घडतं, देवाविषयी काय कळतं, या आठवड्यात मी काय करायचं? प्रश्न विचारल्यावर चालकाने मनात दहापर्यंत मोजावं. नाहीतर शांतता सहन न होऊन तोच उत्तर देतो, आणि बैठकीचं प्रवचन होतं. शास्त्रभाग अर्ध्या तासात आटोपा, कारण खरं काम पुढे आहे.

प्रार्थनेच्या विनंत्यांत सगळ्यात मोठी पळवाट असते. ‘माझ्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याचं ऑपरेशन आहे’ असं सांगितलं की स्वतःविषयी बोलायला नको! म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःची गोष्ट सांगावी, आणि पहिली चालकाने: कर्ज, मुलाशी धरलेला अबोला, प्रार्थनेत लागत नसलेलं मन. तो ‘सगळं छान’ म्हणाला तर बाकीचेही तेच म्हणतील. नंतर दोघा-तिघांत बसून प्रार्थना करा, पुरुष पुरुषांसोबत, स्त्रिया स्त्रियांसोबत. याकोब ५:१६ मधली एकमेकांजवळ पापांची कबुली पाळायची तर एवढी छोटी जागा लागतेच. विनंत्या वहीत लिहा आणि पुढच्या वेळी आधी त्यांचीच चौकशी करा. अशा चौकशीचा उपयोग जुनाच आहे: १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सभागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले. दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या पुढाऱ्यांना माणसांची खरी अवस्था तेव्हा कळू लागली.

ऐकलेलं घराबाहेर न्यायचं नाही. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर नाव टाकणं ही निंदाच आहे, आणि एकदा ती झाली की विश्वास परत बसायला फार काळ जातो. अपवाद आधीच सांगून ठेवा: मारहाण, मुलांचा छळ, जीव देण्याची भाषा. तिथे गप्प न राहता ताबडतोब मदत मिळवायची. दुखण्यात किंवा शोकात असलेल्याला ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कधीही म्हणू नका. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नका. जवळ बसा, डबा पोहोचवा, दवाखान्यात रात्र काढायला जा.

सभासदांनी आपसात उसने पैसे देऊ-घेऊ नयेत. परतफेड रखडली की माणूस तोंड चुकवू लागतो. गरज असेल तर सगळ्यांनी मिळून परत न घेण्याच्या बोलीवर द्यावं, आणि हिशेब दोघांनी ठेवावा.

कोणी सलग दोनदा आलं नाही तर फोनवर न भागवता घरी जा. कुणाचं कुणाशी बिनसलं तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी दोघांनीच एकांतात बोलावं. गटासमोर विषय काढू नये. संख्या बारावर गेली की चालकाच्या हाताखाली तयार झालेल्याने चौघा-पाच जणांना घेऊन दुसऱ्या घरी बसावं. हे होणार, हे पहिल्या महिन्यातच सांगून ठेवा, म्हणजे वेगळं होताना कोणी दुखावत नाही.